गोणपाटाचा बिबट्या: अंधारात बघावं कसं आणि भ्यावं कसं

गेल्या वर्षी जानेवारीत मी आमच्या मळ्यात एका गोणपाटाला घाबरून जागच्या जागी थिजले. हसू नका. बत्तीस वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलंय, डोळ्याची आकृती फळ्यावर इतक्यांदा काढलीय की झोपेतही काढेन. तरीसुद्धा.

मळा नाशिकजवळ मखमलाबादला, डाव्या कालव्याच्या खालच्या अंगाला. दोन एकर थॉमसन द्राक्षं. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती, साडेबाराला येणारी. यांचा गुडघा धरलेला, सालदार बहिणीकडे गेलेला, म्हणून व्हॉल्व्ह फिरवायला मी निघाले. डोक्याला मफलर, हातात टॉर्च. चौथ्या ओळीच्या तोंडाशी वळले आणि समोर दहा-बारा पावलांवर तो बसलेला. पुढचे पाय पोटाखाली घेतलेले, मान वर, अंगावर ठिपके. ठिपके हलत होते, म्हणजे तो श्वास घेत होता.

मला ओरडायचं होतं, पण आवाज फुटेना. पाय जमिनीत रोवल्यासारखे. किती वेळ गेला ते मला आजही सांगता येत नाही. मग लाईट आली. मोटरीच्या पेटीतल्या ऑटोचा, म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप सुरू करणाऱ्या स्विचचा, ‘खट’ असा आवाज झाला, शेडवरचा बल्ब लागला आणि बिबट्याचं गोणपाट झालं. ठिबकच्या फिल्टरचा जॉइंट गळत होता, त्यावर गुंडाळलेलं ओलं गोणपाट. ठिपके म्हणजे माझ्याच टॉर्चच्या झोतात आलेल्या वेलीच्या पानांच्या सावल्या. ते हलत होते, कारण माझा हात कापत होता.

आणि ते गोणपाट संध्याकाळी पाच वाजता मीच तिथं गुंडाळलं होतं.

ही शेवटची गोष्ट मला फार लागली. माहिती माझ्याच डोक्यात होती, मग ती वेळेला पुढे का आली नाही? मी पुस्तकं काढली, नातीकडून इंटरनेटवर शोधून घेतलं, आणि रात्री पाण्याला जायची माझी एक पद्धत बसवली. आमच्या भागात मळेकरी बायाबापड्यांना ती उपयोगी पडतेय, म्हणून लिहून ठेवते.

आधी आत काय घडतं ते

डोळा फोटो काढून मेंदूला पाठवतो, असं आपण मुलांना शिकवतो. सोपं पडतं म्हणून. खरं तर डोळ्याला फार थोडं नीट दिसतं. हात लांब करून अंगठा उभा धरा. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतच नजर खरी धारदार असते. आजूबाजूचं सगळं धूसर असतं. ते तसं जाणवत नाही, कारण डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारत फिरतो आणि मधली भर मेंदू आपल्या मनाने घालतो.

भर कशी घालतो, ते ओट्यावर बसून बघता येतं. एका रंगाच्या कापडावर दोन मसुराचे दाणे आठ सेंटिमीटर अंतरावर ठेवा. डावा डोळा झाका, उजव्या डोळ्याने डावीकडच्या दाण्याकडे टक लावा, आणि चेहरा साधारण तीस सेंटिमीटरवर ठेवून हळूहळू पुढे-मागे न्या. एका ठिकाणी उजवीकडचा दाणा गायब होतो. तिथं तुमच्या डोळ्याचा अंधबिंदू आहे, चेतातंतू जिथून बाहेर पडतात ती जागा. आता बघा, तिथं भोक दिसतं का? नाही. कापड दिसतं. चौकटीचं कापड घेतलंत तर चौकटीसुद्धा पुऱ्या होतात. मी हे नातीला करून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “आजी, म्हणजे हे जे दिसतंय ते डोक्यातलंच आहे?” सगळं नाही गं, पण आपण समजतो त्यापेक्षा बरंच.

एका डोळ्यातून मेंदूकडे सुमारे दहा लाख तंतू निघतात. निम्मे वाटेत बाजू बदलतात. मग बहुतेक सगळे मेंदूच्या मधोमध असलेल्या थॅलॅमस नावाच्या ठाण्यात थांबा घेतात आणि तिथून डोक्याच्या मागच्या भागात जातात. आपण बघतो ते अक्षरशः टाळूच्या मागे, आंबाडा येतो तिथं. पुढे दोन वाटा फुटतात, असं १९८२ साली लेस्ली अंगरलायडर आणि मॉर्टिमर मिश्किन यांनी मांडलं. कानाच्या बाजूने खालून जाणारी वाट ‘हे काय आहे’ याचा छडा लावते. वरून जाणारी ‘कुठे आहे’ ते बघते. गुडेल आणि मिल्नर यांनी १९९२ मध्ये त्यात दुरुस्ती केली. वरची वाट हात-पाय कसे हलवायचे यासाठीचीही आहे, असं त्यांचं म्हणणं.

भीतीचं ठाणं वेगळं. कानशिलाच्या आत खोलवर बदामाएवढी गाठ असते, दोन्ही बाजूंना एकेक. तिचं नाव ॲमिग्डाला, आणि ग्रीक भाषेत त्याचा अर्थच बदाम. समोरच्या गोष्टीत धोका आहे का, याची ती सतत चाचपणी करत असते. वाटलं की आहे, तर तिचा इशारा थेट अंगाला जातो. काळजाचे ठोके, तळहाताचा घाम, बाहुल्या मोठ्या होणं, अंगावर काटा, सगळं तिथून. आणि थिजणंसुद्धा. मी त्या रात्री पळाले नाही, ते काही शौर्य नव्हतं. ससा, हरिण, उंदीर, सगळेच आधी थिजतात. हलणाऱ्या गोष्टीकडे शिकाऱ्याचं लक्ष लवकर जातं, तेव्हा न हलणं हा जुना शहाणपणा.

जोसेफ लडू या मेंदूशास्त्रज्ञांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून दिसलं की, थॅलॅमसपासून या बदामाकडे एक आडवाटही जाते. मोठ्या रस्त्याने ओळख पटायच्या आतच इशारा पोचतो. पण ते प्रयोग आवाजाचे होते. माणसाच्या नजरेसाठी अशी एकच आडवाट आहे का, यावर अजून भांडण आहे. लुइझ पेसोआ आणि राल्फ अॅडॉल्फ्स यांनी २०१० मध्ये लिहिलं की, वाटा एक-दोन नाहीत, अनेक आहेत आणि सगळ्या एकाच वेळी चालतात. दुसरीकडे, जपानमध्ये २०१३ साली माकडांवर केलेल्या प्रयोगात थॅलॅमसच्याच एका भागातल्या काही पेशी सापाच्या चित्राला इतर चित्रांपेक्षा जास्त जोरात आणि लवकर उत्तर देताना सापडल्या. वाट कुठलीही असो, मला जे हवं होतं ते मिळालं. ‘काय आहे’ हे ठरायच्या आधीच ‘घाबर’ हा हुकूम सुटू शकतो. माझं पाच वाजताचं गोणपाट आठवणीच्या कपाटात होतं, आणि कपाट उघडायला वेळ लागतो.

याचा राग मानू नये. वेदान्तातला दोरी-सापाचा दृष्टांत आपण लहानपणापासून ऐकतो. त्यात दोरीला साप समजणारा अज्ञानी ठरतो. पण शेताच्या बाजूने बघा. दोरीला साप समजणाऱ्याचं जातं काय? थोडी छाती धडधडते. सापाला दोरी समजणाऱ्याचं काय जातं, ते वेगळं सांगायला नको. ज्यांनी पहिली चूक केली त्यांचीच आपण नातवंडं.

भीती अजिबात नसलेली बाईसुद्धा आहे. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तिचं नाव गुप्त ठेवून फक्त ‘एस. एम.’ म्हटलंय. एका दुर्मीळ आजाराने तिचे दोन्ही बाजूंचे बदाम निकामी झाले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिला साप-कोळी विकणाऱ्या दुकानात नेलं, तर ती साप हातात घेऊन त्याची जीभ चाचपायला निघाली. तिच्यावर चाकू-बंदुकीचे प्रसंग आलेले होते, तरी ती सावध व्हायला शिकली नव्हती. पुढे एका प्रयोगात तिला कार्बन डायऑक्साइड जास्त असलेली हवा हुंगायला दिली, तेव्हा मात्र ती भयंकर घाबरली. म्हणजे जीव गुदमरल्याची भीती आतून येते, तिला या बदामाची परवानगी लागत नाही. हे वाचून मला माझ्या भित्रेपणाबद्दल जरा बरं वाटलं.

आता निघायच्या आधी

सगळ्यात मोठं काम ओसरीवर होतं, मळ्यात नाही. लाईटच्या वेळेच्या आधी अर्धा तास ओसरीचा दिवा मालवायचा.

आपल्या एका डोळ्यात सुमारे बारा कोटी दंडाकार पेशी असतात आणि साठ लाखांच्या आसपास शंक्वाकार. शंक्वाकारांना रंग कळतात, पण उजेड लागतो. अंधारात काम करतात त्या दंडाकार. त्यांच्यातलं ऱ्होडॉप्सिन नावाचं द्रव्य झगझगीत उजेडात विरतं आणि अंधारात पुन्हा साठतं. साठायला वीस ते तीस मिनिटं लागतात. वय झालं की आणखी थोडी. ते द्रव्य अ जीवनसत्त्वापासून होतं, म्हणून शेवग्याचा पाला, गाजर, पपई घरात असू द्यावी. मात्र रोज गाजर खाऊन मांजरासारखं दिसेल, असं काही नाही. कमतरता असेल तरच फरक पडतो.

आमचे हे आधी फार कुरकुरले. “अगं, दिवा घालवून बसायचं म्हणजे काय, सुतकात बसल्यासारखं.” मी म्हटलं, अहो, तुम्ही बसू नका, झोपा. आता तेच दिवा मालवतात आणि वर मलाच विचारतात, मोबाईल का चालू आहे. मोबाईल हीच खरी अडचण आहे. वीस मिनिटं अंधारात बसून झाली आणि ग्रुपवर काय आलं म्हणून एकदा पडदा उघडला, की पहिल्यापासून. अगदी बघायचाच असेल, तर एक डोळा झाकून बघा. झाकलेला डोळा अंधाराला सरावलेलाच राहतो. ही युक्ती खरंच चालते.

टॉर्चला मी लाल जिलेटिन कागद दोन पदरी लावलाय, लग्नाच्या रुखवतातला उरलेला. दंडाकार पेशींना लाल उजेड जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे त्यांचं साठलेलं विरत नाही. पायाखालचं बघायला तेवढा पुरतो. लांबचं बघायला दुसरा, पांढरा टॉर्च कमरेला.

दुसरं काम दिवसाउजेडी करायचं. संध्याकाळी एक फेरी मारून कुठल्या ओळीच्या तोंडाशी काय ठेवलंय, ते मोठ्याने म्हणायचं. “चौथीला गोणपाट, सातवीला क्रेट, शेवटच्या अँगलला मोकळी गोणी.” (अँगल म्हणजे वेलींच्या मांडवाचा लोखंडी खांब.) सालदाराने एकदा ऐकलं. तो माझा आठवीचा विद्यार्थी, अजून मला बाईच म्हणतो. “बाई, एकट्याच काय बोलू राहिल्या?” म्हटलं, अरे, माझ्या मेंदूला हजेरी देतेय. अर्धवट दिसलेल्या आकाराचं काय करायचं, हे मेंदू जवळ असलेल्या अंदाजांवरून ठरवतो. सकाळपासून बिबट्याच्याच गोष्टी ऐकल्या असतील, तर प्रत्येक आकार बिबट्याच्या बाजूला झुकणार. यादी ताजी असेल, तर गोणपाटालाही थोडी संधी मिळते.

आणि जमलं तर एकट्याने जाऊच नका. मी गेले, तो माझा आगाऊपणा होता.

मळ्यात

अंधारात एखादी गोष्ट संशयाची वाटली की आपण काय करतो? डोळे फाडफाडून थेट तिच्याकडे बघतो. हीच चूक. नजरेच्या ऐन मध्यावर, पीतबिंदूच्या मधोमध, दंडाकार पेशी नसतातच. जिकडे टक लावाल ते मिटतं, बाजूचं दिसतं. म्हणून संशयाच्या जागेच्या हातभर बाजूला बघायचं आणि लक्ष मात्र तिच्यावर ठेवायचं. सराव कृत्तिकांवर करा. थंडीत संध्याकाळनंतर डोक्यावर येतात. थेट बघितलं तर धुरकट पुंजका, जरा बाजूला बघितलं की चांदण्या सुट्या होतात. आधी जमत नाही, लक्ष आणि नजर वेगवेगळ्या दिशांना ठेवायची सवय आपल्याला नसते. मला आठ दिवस लागले.

रंगावरून काही ठरवू नका. कमी उजेडात तांबडं काळं पडतं आणि हिरवं-निळं उठून दिसतं. ही गोष्ट पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने दोनशे वर्षांपूर्वी फुलांवरून टिपली. अमावास्येच्या अंधारात तर रंग उरतच नाही. “पिवळंजर्द होतं, मी डोळ्यांनी पाहिलं” असं कोणी सांगितलं तर समजावं, पिवळा रंग मागाहून भरलाय.

मग हालचाल. हिने मला फसवलं, म्हणून हिच्यावर जरा रेंगाळते. आपण मान फिरवली, डोळा फिरवला, तरी जग फिरल्यासारखं वाटत नाही, कारण ‘मीच डोळा हलवतोय’ ही खबर मेंदूकडे आधीच असते आणि तो तेवढी हालचाल वजा करतो. खोटं वाटत असेल तर एक डोळा झाका आणि दुसऱ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी पापणीवरून बोटाने अगदी हलकेच ढकला. समोरची भिंत सरकेल. बोटाने ढकलल्याची खबर तिकडे नसते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर हे करू नका, माझा डावा तसाच आहे, मी उजव्यावर केलं. कापत्या हातातल्या टॉर्चचंही असंच. हात कापतोय याचा हिशेब नजरेला लागत नाही, सावल्या पळतात आणि मेंदू म्हणतो, प्राणी हलला. तेव्हा संशय आला की आधी टॉर्च अँगलला टेकवून स्थिर करायचा. उभ्याउभ्या दोन लांब श्वास सोडायचे. त्यानंतरही हललं, तर ते हललं.

टॉर्च कुठे धरायचा, हेही महत्त्वाचं. बिबट्या, मांजर, कुत्रा, कोल्हा, गाय, या सगळ्यांच्या डोळ्यामागे आरशासारखा थर असतो. तो उजेड आला त्याच वाटेने परत फेकतो. टॉर्च कमरेशी असेल तर चमक कमरेकडे येणार आणि डोळ्यांना कमी दिसणार. टॉर्च कानशिलाशी धरा, मग डोळे लखकन दिसतात. पहिल्यांदा असा धरला तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. बांधावर पन्नास-शंभर डोळे चमकत होते! जवळ जाऊन वाकून पाहिलं तर कोळी. गवतातल्या लांडग्या-कोळ्यांचे डोळेही तसेच परततात, हिऱ्याच्या कणीसारखे. तेव्हा एकटा बारीक ठिपका सोडून द्या. दोन ठिपके जोडीने, एकाच उंचीवर, मिटून पुन्हा उघडणारे दिसले, तर थांबा. चमकेच्या रंगावरून प्राणी ओळखायला जाऊ नका. आणि लघवीला किंवा व्हॉल्व्हपाशी उकिडवं बसायच्या आधी चहूकडे झोत फिरवा. बसलेला माणूस बिबट्याला माणसासारखा दिसत नाही, छोट्या जनावरासारखा दिसतो. घोटाळा त्याच्याही नजरेचा होतो.

तो खरंच दिसला तर

मला दिसला, तीन महिन्यांनी. एप्रिलची खरड छाटणी झालेली, ओळी उघड्या, वर चांदणं. कालव्याच्या भरावावर जोडीने दोन दिवे. मी टॉर्च टेकवला, श्वास सोडला, दिवे मिटले आणि पुन्हा लागले. या वेळी घाबरले, पण आवाज निघाला. सालदार मागेच होता. आम्ही पाठ न फिरवता उभे राहिलो, मोठ्याने बोलत राहिलो. मी काय बोलले? सूर्यमालेतले ग्रह क्रमाने. तोंडाला जे सवयीचं तेच आलं. तो उठला, शेपटी वर वळवली आणि चामर लेण्याच्या दिशेला निघून गेला.

सकाळी वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन केला. माणसं आली, त्यांनी विचारलं, केवढा होता, पाठीवर काही खूण होती का, तोंड कुठल्या बाजूला. सालदार म्हणाला, “म्हशीच्या पारड्याएवढा व्हता साहेब.” मी म्हटलं, नाही रे, कुत्र्यापेक्षा थोडा मोठा. पाठीबद्दल मला एक अक्षर सांगता येईना. शेपटी मात्र आजही काढून दाखवेन, टोकाशी पांढरट आणि वर वळलेली. भीतीच्या क्षणी लक्ष एखाद्याच गोष्टीला चिकटतं. ती कायमची कोरली जाते आणि भोवतालचं निसटतं. साक्षीदारांना चोराच्या हातातलं पिस्तूल आठवतं आणि चेहरा आठवत नाही, ते याचमुळे.

म्हणून माझं सांगणं, दिसल्यावर लगेच, कोणाशी चर्चा करायच्या आत, कागदावर दोन रकाने करा. डावीकडे दिसलं ते, उजवीकडे वाटलं ते. ‘दोन डोळे, मिटले’ हे डावीकडे. ‘मादी असावी’ हे उजवीकडे. उंची सांगायची तर मोजलेल्या वस्तूच्या शेजारी सांगा. आमची ठिबकची नळी जमिनीपासून दीड फुटावर बांधलेली आहे. बिबट्याचा खांदा साधारण दोन-सव्वादोन फुटांवर येतो. नळीच्या किती वर दिसला एवढं सांगितलं तरी म्हशीचं पारडू बाद होतं.

तो इथं कसा, असं विचारणाऱ्यांसाठी एक आकडा. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून अभ्यास केला. २०१३ साली छापून आलेल्या त्या निबंधात ऊस आणि वस्तीच्या भागात शंभर चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच प्रौढ बिबटे निघाले. तो बाहेरून आलेला नसतो. आपल्याला दिसत नाही एवढंच.

नंतरची भीती

हे कोणी सांगत नाही, म्हणून सांगते. गोणपाटाच्या रात्रीनंतर पंधरा दिवस ऑटोचा तो ‘खट’ ऐकला की माझ्या तळहाताला घाम सुटायचा. भर दुपारीसुद्धा. खाण्याआधीची खूण ऐकली की लाळ गाळणाऱ्या पाव्हलॉवच्या कुत्र्याचा धडा मी किती वर्षं शिकवला आणि आता कुत्रा मीच. घाबरले त्याच क्षणी तो आवाज झाला आणि मेंदूने दोन्हीची गाठ मारली. तो आवाज माझी सुटका करणारा होता, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

गाठ सुटते, पण टाळून नाही. मी पायऱ्या केल्या. आधी दुपारी पेटीशी उभं राहून सालदाराकडून दहा वेळा ऑटो चालू-बंद करवला. “बाई, स्टार्टर जळंन,” तो म्हणाला. नाही जळला. मग दिवेलागणीला यांच्यासोबत चौथ्या ओळीशी. मग तिथंच रात्री, दोघं. मग मी पुढे आणि हे शेडपाशी. प्रत्येक पायरीवर छातीतली धडधड आपसूक उतरेपर्यंत थांबायचं, मधे पळ काढायचा नाही. धडधड चालू असताना निघून गेलं, तर मेंदू समजतो की पळालो म्हणून वाचलो.

त्या वेळी तोंडाने म्हणायचं, “मला भीती वाटतेय, पोटात गोळा आलाय, हात गार पडलेत.” वेडेपणा वाटतो. पण २००७ साली मॅथ्यू लिबरमन यांच्या गटाने मेंदूची चित्रं घेऊन दाखवलं की, भावनेला शब्द दिला की त्या बदामाची धावपळ कमी होते आणि कपाळामागचा एक भाग कामाला लागतो. “काही नाही, काही नाही” असं स्वतःला दटावून माझ्या बाबतीत तरी काही झालं नाही.

एक लक्षात ठेवा, जुनी गाठ पुसली जात नाही, तिच्यावर नवी शिकवण बसते. मे महिन्यात मुलाकडे पुण्याला महिनाभर राहून आले आणि पहिल्याच रात्री ‘खट’ला घाम. मी निराश झाले नाही. दोन दुपारी पुन्हा पेटीशी उभी राहिले, गेला.

गावच्या ग्रुपवर येणारे व्हिडिओ मी बंद केलेत. कुठला तरी सीसीटीव्ही, कुठलं तरी कुत्रं आणि ते फरफटत नेणारा बिबट्या, तेच दिवसातून सहा वेळा. २०१३ मध्ये बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतरच्या आठवड्यात रोज सहा तासांहून जास्त त्याच्या बातम्या बघणाऱ्यांमध्ये, प्रत्यक्ष तिथं असलेल्यांपेक्षाही जास्त ताण आढळला. पडद्यावरचा बिबट्या मखमलाबादचा की मध्य प्रदेशातला, हा पत्ता आपला बदाम वाचत नाही. मी सुनेला सांगितलंय, आपल्या शिवारातली खबर असेल तर लिहून पाठव, चित्र नको.

झोप उडाली, तोच प्रसंग दिवसा डोळ्यांपुढे येऊ लागला, मळ्यात पाय टाकवेना आणि हे महिनाभर हटलं नाही, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. भगताकडे नंतर जा हवं तर.

फिल्टरचा जॉइंट मार्चमध्येच बदलला. गोणपाट मात्र मी तिथंच अँगलला टांगून ठेवलंय. नात सुट्टीला आली की तिला रात्री टॉर्च घेऊन तिथं नेते आणि विचारते, “दिसतोय का?” तिला पहिल्यांदा दिसला होता, किंचाळलीच. आता कितीही टॉर्च हलवला तरी दिसत नाही म्हणून ती खट्टू होते. मला अजून दिसतो, क्षणभर.

बारा वाजत आले. आज लाईट साडेबाराची आहे आणि मी मोबाईलच्या उजेडात हे टाईप करत बसलेय. यांनी आतून दोनदा हटकलं. उजवा डोळा मघापासून झाकूनच ठेवलाय म्हणा.